वरीलप्रमाणे

एखादं काम अर्ध्या तासाचं आहे असं मला कुणी सांगितलं, की हल्ली मी आधी आठवडाभराची रजा टाकतो आणि मग कामाला हात लावतो. हे शहाणपण मला जन्मतः नव्हतं. ते बारा वर्षांपूर्वी आलं आणि ते येईपर्यंत नऊ दिवस आमच्या बाबांची अब्रू टांगणीला लागली होती. बाबा तेव्हा हयात नव्हते. त्यामुळे त्यांच्या वाट्याचं घाबरणं, रात्रभर कूस बदलणं आणि जिन्यात समोरून कुणी आलं की चपलेचा अंगठा तुटल्यासारखं खाली वाकणं, ही सगळी कामं मलाच करावी लागली.

मी आमच्या इमारतीचा मानद खजिनदार होतो. मानद म्हणजे पगार नसतो, बोलणी मात्र वेळच्या वेळी मिळतात. माझ्याआधी एकोणीस वर्षं बाबा खजिनदार होते. ते गेल्यावर तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी दोन वर्षं वही सांभाळली आणि मग आपल्याला बारीक अक्षर दिसत नाही असं जाहीर केलं. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं ते चष्मा न लावता सोडवत, पण ती गोष्ट वेगळी. नवीन खजिनदार निवडायच्या सभेला मी पाच मिनिटं उशिरा पोचलो. दारात पाऊल टाकलं तेव्हा टाळ्या वाजत होत्या. कुणाचा सत्कार आहे म्हणून मीही वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, "खजिनदारी तुमच्या घराण्यातच आहे," आणि वही माझ्या हातात ठेवली.

काम तसं सोपं होतं. इमारतीने वर्षभरात ज्यांना ज्यांना पैसे दिले त्यांची यादी करखात्याला कळवायची. नाव, रक्कम आणि त्या माणसाचा करक्रमांक. आमच्याकडे अशी सात माणसं होती. नळवाले, पंपवाले, माळी, सुतार, रंगारी, टाकीवाले आणि जिने झाडणाऱ्या मावशी. त्या वर्षी करखात्याचं पत्र आलं, की यादी पाठवण्यापूर्वी प्रत्येकाचं नाव आणि क्रमांक जुळतात की नाही ते संगणकावर पडताळून घ्या. जुळले नाहीत तर इमारतीला माणशी दंड, आणि त्या माणसाच्या पैशांतला एक तृतीयांश भाग कापून खात्याकडे भरायचा.

"सात तर नावं," अध्यक्ष म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम आहे."

मी वही उघडली. नावाच्या रकान्यात सातही जणांची पूर्ण नावं होती. नळवाल्यांना चांगलं भारदस्त, एखाद्या सेनापतीला शोभेल असं नाव आहे हे मला तेव्हा कळलं. लहानपणापासून मी त्यांना आमच्या बेसिनखाली उताणं झोपलेलं पाहत आलो होतो. त्या नावाचा माणूस मला तिथे काही केल्या दिसेना. क्रमांकाच्या रकान्यात मात्र नळवाल्यांपुढे 'मागील वर्षाप्रमाणे' असं लिहिलं होतं आणि खालच्या सहा जणांपुढे 'वरीलप्रमाणे'.

मुख्याध्यापकांना विचारलं. त्यांनी दोन्ही वर्षं तेच उतरवून काढलं होतं. "तुमच्या वडिलांनी लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार," ते म्हणाले. मी बाबांच्या शेवटच्या वर्षाची वही पाहिली. मागील वर्षाप्रमाणे. त्याच्या मागची पाहिली. मागील वर्षाप्रमाणे. बाबा वजनमापं खात्यात नोकरीला होते आणि शाईसुद्धा मोजून वापरत. त्यांच्या काटकसरीचं मला कौतुक वाटत आलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते जरा कमी झालं.

जुन्या वह्या गच्चीवरच्या टाकीच्या खोलीत होत्या आणि किल्ली टाकीवाल्यांकडे. ते तीन महिन्यांतून एकदा उगवत आणि कालच येऊन गेले होते; राहतात कुठे ते मला तेव्हा माहीत नव्हतं. कुलूप तोडावं म्हटलं तर तिसऱ्या मजल्यावरचे कायदेपंडित आडवे आले. हे गृहस्थ आयुष्यभर कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानात गल्ल्यावर बसले होते. पुस्तकं त्यांनी उघडली नव्हती, पण बांधून भरपूर दिली होती. "कुलूप ही सामायिक मालमत्ता आहे," ते म्हणाले. "ठराव लागेल. ठरावाला सात दिवसांची सूचना लागेल." दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कुलपात खोबरेल तेल सोडायला सांगितलं. अध्यक्षांनी किल्लीवाल्याला बोलवायला सांगितलं आणि लगेच त्याचाही करक्रमांक घ्या असं बजावलं. शेवटी नळवाले जिन्यात भेटले. त्यांनी एका स्क्रूड्रायव्हरने कडी उतरवली, दार उघडलं, आणि कुलूप होतं तसंच कडीत लटकत राहिलं. कायदेपंडितांना यात कुठलंही कलम लावता आलं नाही, आणि नळवाल्यांचा क्रमांक नळवाल्यांनाच विचारावा हे मला सुचलं नाही.

त्या खोलीत मी दुपारभर बसलो. क्रमांक शोधायचं काम होतं, पण खरं सांगायचं तर काम अर्ध्या तासाचंच झालं आणि उरलेला वेळ मी नुसता वह्या चाळत होतो. दर शनिवारी संध्याकाळी बाबा जेवणाच्या टेबलावर वही मांडायचे. टेबल आधी स्वतः पुसायचे, ते कोरडं व्हायची वाट बघायचे, आणि मग मला हाक मारायचे. कारण 'पैसे दिले' हा शिक्का मारायचा मान माझा होता. एका वहीत मी तो तीनदा उलटा मारला होता आणि प्रत्येक उलट्या शिक्क्याशेजारी बाबांनी बारीक अक्षरात 'चि. ची चूक' असं लिहून सही केली होती. दुसऱ्या एका वहीच्या शेवटच्या पानावर मी जहाज काढलं होतं. ते त्यांनी खोडलं नव्हतं, फक्त खाली 'हिशेबाशी संबंध नाही' अशी नोंद केली होती. मला त्यांची इतकी आठवण आली की मी ते पान बराच वेळ तसंच उघडं ठेवलं. धुळीने डोळ्यांत पाणी येतं असं मी घरी सांगणार होतो, पण कुणी विचारलं नाही.

सर्वांत जुन्या वहीत तो सापडला. नळवाल्यांच्या नावापुढे, निळ्या शाईत, खाली दोन रेघा मारलेला एक क्रमांक. आणि त्याच्याखाली सहा वेळा, वरीलप्रमाणे.

इथे माझ्या जागी दुसरा कुणी असता तर सात माणसांचा एकच क्रमांक कसा, असा विचार त्याने केला असता. मी केला नाही. इमारतीची माणसं म्हणून सगळ्यांना मिळून एक क्रमांक दिला असेल, कुटुंबाला एक शिधापत्रिका देतात तसा, असं मी धरून चाललो. वही काखेत मारून विजयी मुद्रेने मी अध्यक्षांकडे गेलो.

संगणक त्यांच्याकडेच होता. तो बघायला पूर्ण समिती जमली होती, शिवाय ज्यांना घरी काम नव्हतं ते. खात्याचं उत्तर शब्दांत येत नसे, आकड्यात येत असे. शून्य म्हणजे जुळलं. एक म्हणजे क्रमांक अपुरा. दोन म्हणजे असा क्रमांकच नाही. तीन म्हणजे क्रमांक आहे, पण भलत्याच माणसाचा. मी नळवाल्यांचं सेनापती-नाव घातलं, क्रमांक घातला. तीन. माळी, तीन. सुतार, तीन. मावशींचं नाव मी अगदी सावकाश, एकेक कळ दाबून घातलं. तीन.

"मग हा क्रमांक आहे तरी कुणाचा?" अध्यक्ष म्हणाले.

कायदेपंडित मागून पुढे आले. "सहज म्हणून, यांच्या वडिलांचं नाव घालून बघा."

मी घातलं. शून्य.

इमारतीने एकोणीस वर्षं करखात्याला जे कळवलं होतं त्याचा अर्थ सरळ होता. नळाचे, पंपाचे, बागेचे, सगळे पैसे एकाच माणसाला मिळाले होते, आणि ते देणारा खजिनदारही तोच होता.

"मी काही म्हणत नाही," अध्यक्ष म्हणाले.

आमच्या इमारतीत यापेक्षा भयंकर वाक्य नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूही काही म्हणाल्या नाहीत. मुख्याध्यापकही काही म्हणाले नाहीत. नऊ दिवसांनी सर्वसाधारण सभा होती आणि तिथे सगळे मिळून काही म्हणणार नव्हते, हे मला स्पष्ट दिसलं.

पावत्या असत्या तर प्रश्न मिटला असता. पण सात वर्षांवरच्या पावत्या रद्दीत घालाव्यात असा ठराव झाला होता, सूचक कायदेपंडित. सात वर्षांच्या आतल्या पावत्या टाकीच्या गळतीने भिजून एकजीव झाल्या होत्या. त्यांची वीट होऊ शकली असती, पुरावा होणं शक्य नव्हतं.

आईला मी यातलं काही कळू द्यायचं नाही असं ठरवलं. तिचं वय झालं होतं, बाबांवर तिचा जीव होता, हे तिच्या कानावर गेलं तर ती अंथरूण धरील अशी माझी खात्री होती. घरात मी हसतमुख वावरायला लागलो. दुसऱ्याच दिवशी बायकोने विचारलं, "दात दुखतोय का?"

मी नळवाल्यांना गाठलं. करक्रमांक म्हटल्यावर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "तो नियम आला तेव्हा आमची पाचावर धारण बसली होती," ते म्हणाले. "क्रमांक नसेल त्याचे पैसे कापणार. क्रमांक काढायचा तर दोन दिवस रांगेत उभं राहायचं, मजुरी बुडवून. पत्त्याचा कागद लागायचा, तो कुणाकडे होता? भाऊंनी, म्हणजे तुमच्या वडिलांनी, आम्हाला सातही जणांना बोलावलं आणि म्हणाले, या वर्षापुरतं मी बघतो, तुम्ही कामं करा. पुढच्या वर्षी विचारलं, तर म्हणाले, मी बघतोय ना. मग आम्ही कशाला बघायचं?"

माळ्याने हेच सांगितलं. सुताराने हेच सांगितलं. एकोणीस वर्षं सात माणसं निर्धास्त होती, आणि आमच्या बाबांनी त्यांची सोय कशी लावली होती तर स्वतःचा क्रमांक सगळ्यांपुढे लिहून. मला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला. घरात सायकलच्या घंटीची पावती जपून ठेवणारा माणूस, त्याने हे एवढं मोठं काम एका ओळीनेसुद्धा कुठे लिहून ठेवू नये, हे मला समजेना.

करखात्यात गेलो. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने जेवणाच्या सुट्टीकडे. तिसऱ्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, की करदात्याची कागदपत्रं पाहायला करदात्याचा अर्ज लागतो.

"ते वारले," मी म्हणालो.

"तसं त्यांनी अर्जात लिहावं."

त्यांनाच थोड्या वेळाने आपलं वाक्य ऐकू गेलं असावं, कारण त्या उठल्या आणि स्वतः आत जाऊन जाडजूड फाइल घेऊन आल्या. पान उलटता उलटता त्यांचा चेहरा बदलत गेला. "तुमचे वडील करायचे काय?"

"वजनमापं खात्यात होते."

"ते दिसतंय. पण शिवाय नळदुरुस्ती, पंपदुरुस्ती, बागकाम, सुतारकाम, रंगकाम, टाकी धुणे आणि जिने झाडणे. दर वर्षी सात जोडपत्रं आहेत. प्रत्येकाचा कर वेळेवर, एकदाही उशीर नाही." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "फारच कष्टाळू होते हो."

मी खुर्चीवर बसलो. इमारतीने पाठवलेली रक्कम आपल्या क्रमांकावर दिसणार, म्हणून बाबांनी ती आपलं उत्पन्न म्हणून दाखवली होती आणि तिच्यावरचा कर पगारातून भरला होता. दर वर्षी समुद्रावर जायचं ठरायचं आणि दर वर्षी ऐन वेळी बाबा म्हणायचे, पुढच्या वर्षी. मी त्यांना मनातल्या मनात चिकट म्हणायचो. शाळेत सगळ्यांनी शिंपले आणले होते तेव्हा तर मी ते मोठ्याने म्हणालो होतो आणि बाबा नुसते हसले होते. त्या खिडकीसमोर मला त्याची फार लाज वाटली.

बाईंनी कागदावर आकडेमोड केली. "त्या सात जणांच्या नावावर हे वेगवेगळं असतं तर कुणालाच एक पैसाही कर लागला नसता. इतकं कमी आहे. यांच्या पगारात मिळवल्यामुळे लागला. परतावा मागता येईल तुम्हाला." त्यांनी एक फॉर्म दिला आणि जोडपत्रांच्या नकलाही दिल्या.

नकला घेऊन मी धावतच अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी त्या वाचल्या, कायदेपंडितांनी वाचल्या, आणि कायदेपंडितांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे पैसे मला मिळाले असं त्यांनी स्वतःच लिहून दिलंय. सहीनिशी."

बाबांच्या निर्दोषत्वाचा पुरावा म्हणून मी त्यांचा कबुलीजबाब आणून दिला होता.

सभेच्या दिवशी मी पांढरा शर्ट घातला. पडायचंच असेल तर निदान इस्त्रीत पडावं. अध्यक्षांनी विषय मांडला, कुणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही असं चार वेळा सांगितलं, तेवढ्यात दार उघडलं. आई आत आली. तिच्या मागे मावशी, नळवाले, पंपवाले, माळी, सुतार, रंगारी आणि टाकीवाले. सगळे धुतलेल्या कपड्यांत, त्यामुळे दोघांना तर कुणी ओळखलंच नाही.

आईला पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं. मावशींनी सांगितलं होतं. अंथरूण वगैरे तिने धरलं नव्हतं, माणसं गोळा करत फिरत होती.

"सभासद नसलेल्यांना बोलता येत नाही," कायदेपंडित म्हणाले.

"मग मी बसूनच सांगते," म्हणत मावशी पहिल्या रांगेत बसल्या. "साहेब, मला एक सांगा. भाऊंनी मला पैसे दिले नसते तर मी तुमचे जिने झाडले असते का? एक महिना झाडले असते, ओळखीखातर. दुसऱ्या महिन्याला तुमच्या दाराशी येऊन बसले असते. एकोणीस वर्षं कुणी फुकट झाडतं का?"

कुणीच काही बोललं नाही. या वेळी मात्र खरोखरच कुणाकडे बोलायला काही नव्हतं. इतकी साधी गोष्ट बावीस शिकलेल्या कुटुंबांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती, आणि त्यात मीही होतो. मुख्याध्यापक उठले, आईसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, चुकलं." अध्यक्षांनी बाबांच्या आभाराचा ठराव मांडला. कायदेपंडितांनी त्याला अनुमोदन दिलं आणि सूचना सात दिवस आधी दिली नसल्याचं बोलून दाखवलं नाही, ही त्यांची क्षमायाचना समजून मी ती स्वीकारली.

पुढच्या आठवड्यात मी रजा टाकून सातही जणांना रांगेत उभं केलं, पत्त्याचे कागद मिळवून दिले, क्रमांक काढले. संगणकावर ओळीने सात शून्यं आली.

मग राहिला परताव्याचा फॉर्म. वारस म्हणून आईची सही लागणार होती. रक्कम बरी होती, तिला दोनदा समुद्रावर नेऊन आणता आलं असतं. मी पेन तिच्या हातात दिलं आणि बोटाने जागा दाखवली.

"आधी वाच काय लिहिलंय ते," ती म्हणाली.

मी वाचलं. "सदर करदात्याने वर नमूद केलेल्या सातपैकी कोणतेही काम कधीही केलेले नाही, असे मी प्रतिज्ञेवर लिहून देते."

आईने पेन खाली ठेवलं. "असं कसं लिहून देऊ?"

"आई, अगं, खरंच आहे ते. बाबा काय नळ दुरुस्त करत होते?"

"पंप बंद पडला की भल्या पहाटे सायकलवर डबलसीट पंपवाल्यांना कोण आणायचं? ते खड्ड्यात उतरले की वर बॅटरी धरून कोण उभं राहायचं? पाना द्यायला नळवाल्यांच्या हाताशी कोण असायचं? माळी आला नाही की बाग कोण शिंपायचं, सुताराची फळी नि रंगाऱ्याचा डबा कोण धरायचं? मावशींचा पाय मोडला तेव्हा दोन महिने चौथ्या मजल्यापासून खालपर्यंत जिने कुणी झाडले, तुम्ही सगळे उठायच्या आत? तिचा पगार तुटू नये म्हणून कुणाला बोलले नाहीत. घरी येऊन कंबर शेकत बसायचे, आणि मी लिहून देऊ की त्यांनी यातलं काही केलं नाही?"

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी तेव्हा झोपलेला असायचो.

"सही केली नाही तर पैसे मिळणार नाहीत," मी म्हणालो, पण माझ्या आवाजात जोर नव्हता.

"नाही तर नाही." आयुष्यभर बाबांबरोबर राहून तिलाही खोट्या नोंदीचा तिटकारा होता. "टाकीचं मात्र मला नक्की सांगता येणार नाही. टाकी धुताना ते गच्चीवर जायचे, पण काय करायचे ते मी कधी पाहिलं नाही. तेवढं विचारून ये. ते केलं नसेल तर सहाच म्हणावं लागेल."

मी टाकीवाल्यांच्या घरी गेलो. ते जेवत होते. मी विचारलं, त्यांनी घास तसाच हातात धरला.

"शिडी भाऊच धरायचे," ते म्हणाले. "मी आत उतरलो की वर येईपर्यंत हलायचे नाहीत. दुसऱ्या कुणी धरलेल्या शिडीवर मी कधी पाय ठेवला नाही."